घरी हॉपी पेल एल: हॉप्स नक्की कधी टाकायचे?

रानवारा
मंडळी, मी ओरेगनच्या पोर्टलँडला असतो. इथे गल्लीतल्या दर चौथ्या गॅरेजात कोणीतरी बियर लावलेली असते आणि आपण अजून दुकानातूनच आणतो म्हटल्यावर शेजारचे आजोबा आपली कीव करतात. तर आता घरी पेल एल (फिकट रंगाची, हॉप्सचा वास असलेली बियर) करायची ठरवलीय. ३५ लिटरचं पातेलं, मॅशसाठी (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, गरम पाण्यात मुरवायला) कापडी पिशवी, झाकणाच्या दोन बादल्या, एअरलॉक, सायफन, हायड्रोमीटर, सगळं जमलंय. घोडं अडलंय हॉप्सवर, बियरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या त्या हिरव्या गोळ्यांवर.

मला हवीय ती जुन्या वळणाची. केन ग्रॉसमनने १९८० च्या सुमारास चिकोला सिएरा नेवाडा पेल एल काढली ना, त्या घराण्यातली. दिसायला स्वच्छ, ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास, आणि कडू असली तरी दुसरा ग्लास मागावासा वाटेल इतपतच कडू. हल्लीची ती गढूळ केशरी नको.

१९ लिटरसाठी कच्चा हिशेब असा: पेल माल्ट साडेचार किलो, क्रिस्टल ४० माल्ट तीनशे ग्रॅम, मॅश ६७ अंशांना तासभर. हॉप्समध्ये मॅग्नम वाण १५ ग्रॅम तासभराच्या उकळीला, कास्केड वाण २८ ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांना. यीस्ट यूएस-०५ चं एक पाकीट. यापुढे प्रत्येकजण वेगळं सांगतोय. एक म्हणतो गॅस बंद करून टाक, दुसरा म्हणतो सगळे थंड बादलीत टाक, तिसरा म्हणतो दोन्ही कर आणि वर आणखी टाक. माझं मत असं की शेवटच्या दहा मिनिटांत आणि गॅस बंद केल्यावर भरपूर हॉप्स घातले तर ड्राय हॉपची (थंड बादलीत टाकायच्या हॉप्सची) गरज पडू नये. जाणकारांनी झोडपावे.

टवाळखोर
मी वर्ध्याचा. हा धागा उघडला म्हणून मला उचलतील का, एवढं कोणीतरी आधी सांगा.

मंजिरी_मिशिगन
रानवारा, तुमचं गणित निम्मं बरोबर आहे.

हॉप्समधून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. कडवटपणा येतो अल्फा ॲसिडमधून. ते मुळात वर्टमध्ये (मॅशमधून निघालेल्या गोड पाण्यात) फारसं विरघळत नाही, उकळीत त्याचं रूप बदलतं तेव्हा कुठे ते उतरतं, आणि तासभर उकळूनही जेमतेम पाव हिस्सा हाती लागतो. वास येतो तेलांमधून, मायर्सीन, लिनालूल, जेरॅनिऑल वगैरे. ही मंडळी उडून जायला टपलेलीच असतात, तासाभराच्या उकळीत त्यांचं जवळपास काही उरत नाही. म्हणून पहिले हॉप्स जास्त अल्फावाले आणि स्वस्त (तुमचा मॅग्नम १२ ते १४ टक्क्यांचा, चांगली निवड), आणि कास्केड, जो साधारण ५ ते ७ टक्क्यांचा असतो, तो उशिरा.

तुमच्या आकड्यांत मॅग्नमचे २१-२२ आयबीयू (कडवटपणाचं माप) येतील, दहा मिनिटांच्या कास्केडचे ६-७. म्हणजे पेल एलच्या ३० ते ५० च्या पट्ट्याच्या दाराशी जेमतेम पोचताय. आता गॅस बंद करून लगेच हॉप्स ओतलेत तर कडवटपणा वाढतच राहील, ९५ अंशांनाही ती क्रिया थांबत नाही. म्हणून आधी कॉइलमधून (थंड पाण्याच्या वेटोळ्या नळीतून) पाणी फिरवून ८० पर्यंत खाली आणा, मग ५० ग्रॅम कास्केड टाका, वीस मिनिटं अधूनमधून ढवळा, मग पूर्ण थंड करा. ८० च्या खाली कडवटपणा फार हळू चढतो आणि तेलं बरीच टिकतात.

पण याने ड्राय हॉपची जागा भरत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्ट जोरात असतं, इतका कार्बन डायऑक्साइड निघतो की तो जाताना वास बरोबर घेऊन जातो. घरभर घमघमाट सुटतो ना, तो तुमच्या ग्लासातून वजा झालेला असतो.

खवय्या_नंबर_एक
थोडक्यात कोथिंबीर. फोडणीत टाकली तर गेली, उतरवल्यावर टाकली तर राहिली. मंजिरीताईंना +१.

झाकोळ
"गढूळ केशरी नको" हे वाचून दुःख झालं, आमच्या बॉस्टनकडे या तर खरं.

पण मुद्द्यावर मंजिरीशी सहमत, फक्त मी अजून पुढे जाईन. उकळीत हॉप्स टाकूच नका. शून्य. सगळे ८० अंशांना आणि उरलेले ड्राय. सिट्रा किंवा मोझॅक वाणाचे घ्या, १९ लिटरला २०० ग्रॅम, पाण्यात क्लोराइड जास्त, माल्टमध्ये ओट्स. मऊ लागते. तो जुना कास्केडचा कडू घोट आता संग्रहालयात ठेवायची वस्तू आहे.

रानवारा
@झाकोळ, मग मी संग्रहालयच बांधतोय असं समजा. कास्केड आमच्या गावचा आहे हो. इथून दीड तासावर कॉर्व्हॅलिसला सरकारी संशोधनातून निघालेला वाण, १९७२ ला बाहेर आला. आणि त्याने आधी अँकर ब्रूअरीच्या लिबर्टी एलमध्ये आणि मग सिएरा नेवाडात काय केलं ते जगाने पाहिलंय.

आबा_सिन्नरकर
पोरांनो, आम्ही द्राक्षाच्या गावचे, बियरमधलं काही कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. हे हॉप्स म्हणजे नक्की काय असतं? धान्य? मसाला? की ती व्हॉट्सॲपवर फिरत होती ती लाख रुपये किलोची भाजी?

मंजिरी_मिशिगन
आबा, वेल असतो. १५-२० फूट तारेवर चढतो आणि फक्त मादी वेलाची शंकूसारखी फुलं वापरतात. त्या फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी पूड असते, कडवटपणा आणि वास दोन्ही तिच्यातच. आपण जे आणतो ते बहुतेक वेळा दळून दाबलेले हिरवे गोळे, पशुखाद्याच्या दुकानात शोभतील असे. गांजाच्या कुळातलं झाड आहे, पण नशेशी त्या बाजूने काही संबंध नाही, नाहीतर टवाळखोर लगेच सुरू होईल.

लाख रुपयांची भाजी म्हणजे त्याच वेलाचे वसंतातले कोवळे कोंब. युरोपात ते खरंच महाग विकतात. पण २०२१ मध्ये बिहारच्या शेतकऱ्याची जी गोष्ट फिरली ती पत्रकारांनी गावात जाऊन पाहिली तर तसं पीकच सापडलं नाही.

आबा_सिन्नरकर
म्हणजे माझा चुलतभाऊ उगाच दोन महिने रोपं शोधत होता. त्याला पाठवतो हे.

भटकभवानी
भारतात हिमाचलच्या लाहौलमध्ये हॉप्सची शेती होते, मी केलाँगच्या वाटेवर पाहिलीय, मटारच्या शेतांच्या मध्येच उंच उंच मांडव. तेव्हा वाटलं होतं कसला तरी दुधी असेल.

टवाळखोर
माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाहीये आणि खाली जीप थांबलीय.

लंडनकर_जोशी
टवाळखोर, वाचायला बंदी नाही, करायला आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, त्यामुळे परवान्याशिवाय घरी बियर आंबवणं हा सरळ गुन्हा, मग ती विका, वाटा की एकटे प्या. वर्धा आणि गडचिरोलीत तर बाटली ठेवायचीही पंचाईत. पुण्या-मुंबईतल्यांनी हा धागा वाचावा आणि मग मायक्रोब्रूअरीत जाऊन प्यावी. दूलाली पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तेवढी सोय आहे.

आमच्याकडे इंग्लंडात १९६३ पर्यंत घरच्या बियरला परवाना लागायचा, मग तो काढून टाकला. अमेरिकेत जिमी कार्टरने १९७८ मध्ये सही केली.

रानवारा
हो, इथे केंद्राचा नियम म्हणजे एका प्रौढामागे वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची नाही. राज्यं मात्र आपापल्या वेगाने जागी झाली, मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ ला.

पुणेरी_चष्मा
२०० गॅलन म्हणजे ७५० लिटर. वर्षाला. दोघांत. मर्यादा कुणासाठी ठेवलीय, माणसांसाठी की म्हशींसाठी?

कोकणी_मासा
कायद्याचं सोडा, आमच्या आजीच्या घरी द्राक्षासव व्हायचं ते काय होतं? धायटीची फुलं टाकून बरणी महिनाभर कोनाड्यात. आम्ही पोरं जेवणानंतर दोन चमचे पिऊन शहाण्यासारखी झोपायचो. आईला अजून वाटतं ते पचनाचं औषध होतं.

मंजिरी_मिशिगन
हाहा. आसवं-अरिष्टं आंबतातच आणि धायटीच्या फुलांवरून रानटी यीस्ट येतं, म्हणून ती टाकतात. पाच-दहा टक्के अल्कोहोल सहज असतं. पचन होतच असेल, झोप नक्की लागते.

लंडनकर_जोशी
अवांतर चाललंच आहे तर एक माझंही. पेल एल आणि आपलं नातं जुनं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा ब्रूअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई-कलकत्त्याला बियर पाठवायचा. त्याची भट्टी गोदीजवळ होती आणि कप्तानांना उधारीवर माल द्यायचा, धंद्याचं खरं गुपित तेवढंच. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या ब्रूअरींनी त्याचा बाजार खाल्ला. "भारताच्या प्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम इंडिया पेल एल शोधली" ही गोष्ट मात्र फार ताणलेली आहे. त्याच जहाजांतून काळी पोर्टरही यायची आणि व्यवस्थित पोचायची. गोरे साहेब पेल एल प्यायचे, साधे सोल्जर पोर्टर.

बर्टनचं महत्त्व पाण्यात. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि धारदार लागतो. रानवारा, तुमचं पोर्टलँडचं पाणी कसं आहे?

रानवारा
बुल रनचं पाणी, धरणातून येतं, अतिशय मऊ. क्षार जवळपास नाहीतच.

लंडनकर_जोशी
मग नशीबवान आहात, कोरी पाटी. सगळ्या पाण्यात मिळून ५-६ ग्रॅम जिप्सम टाका. २८ लिटर पाणी घेत असाल तर सल्फेट १०० ते १२० पीपीएमपर्यंत जाईल, तुमच्या जुन्या वळणाला पुरे. झाकोळ यांच्यासारखी मऊ हवी असेल तर त्याऐवजी कॅल्शियम क्लोराइड.

मंजिरी_मिशिगन
आणि एक, जे सगळे विसरतात. पोर्टलँडच्या नळाला क्लोरामीन असतं. क्लोरीन उकळून किंवा रात्रभर ठेवून जातं, क्लोरामीन चिवट. ते राहिलं तर यीस्टशी जमून क्लोरोफेनॉल होतं आणि बियरला दवाखान्यातल्या पट्टीचा वास मारतो, मग कितीही कास्केड घाला. उपाय अगदी स्वस्त आहे. कॅम्पडेनची (सल्फाइटची) एक गोळी ७५ लिटरला पुरते. तुम्ही अर्धी चुरून ढवळा, पाच मिनिटांत काम झालं.

ह्यूस्टनचा_घामट्या
हॉप्स हॉप्स काय करताय, निम्मे लोक तापमानात मरतात. यूएस-०५ ला १८ ते २० अंश द्या. आणि खोलीचं नाही, बादलीच्या आतलं. जोरात आंबताना आतली बियर खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असते. २६-२७ ला गेली की जड अल्कोहोल तयार होतात, दुसऱ्या दिवशी डोकं तुम्हाला सांगतं. मी बादली पाण्याच्या टबात ठेवतो आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलतो. बायको म्हणते, तान्ह्या बाळालासुद्धा इतकं केलं नव्हतंस.

फिनिक्सवासी
बाटल्या कशाला, बादलीला ओला टी-शर्ट घाला, टोक टबातल्या पाण्यात, वर पंखा. माठाचं तत्त्व. माझ्याकडे सहा अंशांचा फरक पडतो.

ह्यूस्टनचा_घामट्या
तुमच्या वाळवंटात पडेल. आमच्याकडे हवाच इतकी ओली की टी-शर्टला वास येतो फक्त.

रानवारा
माझं तळघर मार्चपर्यंत १६-१७ ला असतं, त्यामुळे ही लढाई तुम्ही दोघं लढा.

श्वानप्रेमी_नाशिक
कोणी कुत्रं पाळलंय का इथे? मग हे वाचाच. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत. वापरलेले, उकळून काढलेले सुद्धा. खाल्ले तर अंगातला ताप भराभर चढतो, धाप लागते, झटके येतात, काही तासांत जीव जाऊ शकतो. माझी बहीण कोलोरॅडोत असते, तिच्या शेजाऱ्यांच्या लॅब्रॅडॉरने परसातल्या खताच्या ढिगातला गाळ खाल्ला होता, डॉक्टरकडे बर्फाच्या पिशव्यांत ठेवावं लागलं तेव्हा वाचला. तर पातेल्याच्या तळाचा हिरवा गाळ खतात, बागेत टाकू नका, पिशवी बांधून थेट कचऱ्यात.

रानवारा
हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे नाही पण आजोबांचा बीगल कुंपणाखालून येतो. धन्यवाद.

अन्नपूर्णा_कॅलगरी
आणि मॅशचं उरलेलं धान्य? ते पण विषारी का? माझा नवरा दरवेळी सात-आठ किलो ओला चोथा माझ्या ओट्यावर आणून ठेवतो आणि म्हणतो, काहीतरी कर.

श्वानप्रेमी_नाशिक
नाही, ते धान्य हॉप्सच्या आधी बाहेर येतं, त्याला काही नाही. लोक त्याची कुत्र्यांसाठी बिस्किटं करतात. फक्त त्यात हॉप्सचा एक गोळाही मिसळता कामा नये.

खवय्या_नंबर_एक
अन्नपूर्णाताई, थालीपीठ! पण ओलं तसंच घालू नका, सातूची टरफलं घशाला लागतात. मंद ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायचं, मिक्सरमधून बारीक काढायचं, चाळायचं, आणि भाजणीत फार तर चौथा हिस्सा. साखर सगळी बियरमध्ये गेलेली असते त्यामुळे गोडसर लागत नाही, खरपूस लागतं. कांदा आणि तीळ जास्त. आणि त्याच दिवशी वाळवा, ओलं ठेवलं की दुसऱ्या दिवशी घरात उभं राहवत नाही.

पुणेरी_चष्मा
हा पाककृती विभाग आहे की पेयपान? धागाकर्ते कुठे गेले?

रानवारा
आलो. शनिवारी लावली. उकळी येताना पातेल्यावर नजर ठेवा म्हणतात ते खरंय, हॉप्स टाकताच फेस कडेपर्यंत आला. मंजिरीताईंच्या सल्ल्याने ८० अंशांना आणून ५० ग्रॅम कास्केड टाकले. ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरवरची घनता, साखर जितकी जास्त तितकी जास्त) १.०५१. पिशवीने मॅश केलं त्या मानाने बरी मिळाली.

आता वादाचं उत्तर वादाने मिळणार नाही, तर मी एक केलंय. वर्ट दोन बादल्यांत अर्धा अर्धा घातलाय, यीस्ट पण वजन करून अर्धं अर्धं. एकात ड्राय हॉप नाही. दुसऱ्यात २० ग्रॅम कास्केड आणि १० ग्रॅम सेंटेनियल जाणार. कधी टाकू? आंबणं पूर्ण संपल्यावर की आधी?

झाकोळ
आधी! फेस उंच असताना. यीस्ट आणि हॉप्सची तेलं मिळून वेगळेच फळांचे वास तयार होतात.

मंजिरी_मिशिगन
झाकोळच्या बियरला ते चालेल. रानवाराला ग्रेपफ्रूटची साल हवीय. मी म्हणेन ग्रॅव्हिटी शेवटच्या आकड्याच्या तीन-चार पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) वर असेल तेव्हा. तेव्हा झाकण उघडल्यावर आत शिरलेला ऑक्सिजन यीस्ट खाऊन टाकतं, आणि गॅसचा जोर ओसरलेला असल्यामुळे वासही फार बाहेर जात नाही. तीन दिवस पुरे, जास्त ठेवले तर गवताची चव उतरते.

आणि लगेच बाटलीत भरू नका! हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात, जी साखर यीस्टने सोडून दिली होती तिचेही ती तुकडे करतात आणि यीस्ट परत कामाला लागतं. ग्रॅव्हिटी अजून एक-दोन पॉइंट खाली येते. ते बाटलीत झालं तर गॅस वाढतो, शिवाय मध्येच लोण्यासारखा डायॲसिटिलचा वास येऊन बसतो. तीन दिवस सलग तोच आकडा दिसेपर्यंत हात लावायचा नाही.

ह्यूस्टनचा_घामट्या
यावर माझं पण ऐका. ओळखीच्या एकाने घाईने भरलेल्या बाटल्या कपाटात ठेवल्या होत्या. एक फुटली, तिच्या काचेने शेजारची फुटली. कोणी जवळ नव्हतं म्हणून निभावलं. बाटल्या भरल्या की झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवायच्या, आणि पातळ काचेच्या बाटल्या घ्यायच्याच नाहीत.

लंडनकर_जोशी
आणि तपकिरीच. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड शिरला की हॉप्सच्या कडवट भागातून असं एक संयुग होतं की वास थेट स्कंक नावाच्या प्राण्याचा. उन्हात काही मिनिटं पुरतात.

कोकणी_मासा
स्कंकचा वास मराठीत कसा समजावाल? आमच्याकडे तो प्राणीच नाही.

टवाळखोर
शिमग्यानंतर चौथ्या दिवशीचा चुलतभाऊ.

अन्नपूर्णा_कॅलगरी
थालीपीठ जमलं! नवऱ्याने चार खाल्ली आणि पाचव्याला विचारलं की यात काय आहे. रच्याकने, बाटल्यांत साखर किती घालायची ते कोणी लिहिलंच नाही, आमच्याकडे दरवेळी अंदाजपंचे असतं.

मंजिरी_मिशिगन
ते अंदाजपंचे नको, वरचा प्रतिसाद वाचलात ना. खोलीच्या तापमानाला असलेल्या १९ लिटरला साधी साखर ११५ ग्रॅम, काट्यावर तोलून, थोड्या पाण्यात उकळून. बियरच्या घनफळाच्या अडीचपटीच्या किंचित खाली गॅस येतो, पेल एलला तेवढाच हवा. चमचे, वाट्या मोजू नका.

रानवारा
निकाल. साधी बादली १.०११ ला थांबली. ड्राय हॉपवाली पण १.०११ ला आली होती, हॉप्स काढल्यावर १.००९ झाली, ताई म्हणाल्या तसंच. तिथे थांबल्याचं दोनतीनदा बघून मग बाटल्यांत भरल्या, दोन्हींत ५५-५५ ग्रॅम साखर. बाटल्यांना खुणा फक्त बुडावर केल्या आणि आजोबांसकट पाच जणांना न सांगता पाजली.

पहिल्या चाखणीला पाचही जणांनी ड्राय हॉपवाली उचलली. नाकाशी नेली की फरक कळतोच. दुसरीला वास नव्हता असं नाही, पण तो घोट घेतल्यावर यायचा, आधी नाही. म्हणजे माझा मूळ मुद्दा पडला, ८० अंशांचे हॉप्स चवीत राहतात, नाकात नाही.

पण महिन्याभराने परत तेच पाच जण, तीच रांग, आणि यावेळी तीन विरुद्ध दोन, साधी पुढे. ड्राय हॉपवालीचा वरचा वास उतरलाय, कडवटपणा जरा खरखरीत झालाय आणि मागे मधासारखं काहीतरी येतंय. साधी होती तशी आहे. आजोबांनी तर साधीचीच उरलेली बाटली बरोबर नेली.

झाकोळ
तो मध म्हणजे ऑक्सिजन. बादलीतून बाटलीत भरताना हवा लागली, ड्राय हॉपवालीला हे जास्त झोंबतं कारण तिच्यात बिघडण्यासारखं जास्त आहे. केग (धातूचा बंद पिंप) घ्या, कार्बन डायऑक्साइडने बंद नळीतून भरा, दोन महिने तशीच राहील.

लंडनकर_जोशी
किंवा केगचे पैसे वाचवा आणि महिन्याच्या आत संपवा. हॉपी बियर साठवायची वस्तूच नाही.

झाकोळ
१९ लिटर महिन्यात? एकट्याने?

पुणेरी_चष्मा
कार्टरसाहेबांनी ७५० लिटरची मुभा उगाच नाही दिली.

रानवारा
केगचा विचार पगारवाढीनंतर. पुढची खेप एकाच बादलीत, ड्राय हॉप निम्मा, आणि नळी बाटलीच्या तळाला टेकवून भरणार, वर बोटभरच जागा. सेंटेनियल वगळणार, नुसता कास्केड.

ऑगस्टच्या शेवटी इथे ताजे हॉप्स तोडतात, आजोबांच्या कुंपणावर वेल आहे. न वाळवलेले वापरले तर प्रमाण काय धरायचं?

मंजिरी_मिशिगन
ताज्या फुलात ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणून वजनाने पाचपट धरा. कडवटपणाला वापरू नका, कुंपणावरच्या वेलाचा अल्फा किती ते कोणालाच माहीत नसतं, त्याला तुमचा मॅग्नमच ठेवा. तोडल्यापासून एका दिवसात पातेल्यात गेले पाहिजेत. आणि फुलं तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तो वेल फार ओरबाडतो.